बाहुली बसली

१

चष्म्याच्या त्या दुकानात रंगीत लेन्सचं काउंटर ताईच्या हाती होतं, आणि तिथे तिचाच शब्द चालायचा. ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. मालक तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणायचे. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला ट्यूबलाइटखालून उठवून खिडकीशी न्यायचं, हा तिचा पहिला नियम. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग थापा मारतात, असं तिचं म्हणणं. मग भुवया बघायच्या, केसांची मुळं बघायची, आणि गिऱ्हाइकानं स्वतः निवडलेला रंग गोड बोलून बाजूला सारायचा.

"मला हिरवे हवेत," एखादी हटून बसायची.

"घ्या की हिरवे. पण मग लोक तुमच्याशी नाही, लेन्सशी बोलतील," ताई म्हणायची. "तुमच्या भुवया काळ्याभोर. तुम्हाला मधाळ तपकिरी शोभेल, कडेला जरा गडद. घरी गेल्यावर मिस्टर विचारतील, आज दुपारी झोपली होतीस का? बस्स, एवढंच झालं पाहिजे."

आणि अगदी तस्संच व्हायचं. 'डोळे छान दिसतायत' असं कुणी म्हणालं तर ताई पास, 'लेन्स छान आहेत' म्हणालं की नापास.

शेवटचं काम टॉर्चचं. रंगीत लेन्सच्या मधोमध बाहुलीपुरती जागा मोकळी असते. ती डोळ्याच्या बाहुलीवर नेमकी आली नाही तर भला माणूस चकणा दिसतो. म्हणून ताई गिऱ्हाइकाच्या तोंडाजवळ वाकायची, टॉर्च तिरका धरायची आणि त्या काळ्या ठिपक्यात बघायची. डोळ्यातल्या बाहुलीला बाहुली का म्हणतात ते इतक्या जवळ गेल्यावर कळतं. बघणाराच त्यात एवढासा होऊन दिसतो. एवढीशी ताई, एवढासा टॉर्च. सगळं जागच्या जागी असलं की ती म्हणायची, "बाहुली बसली." लगेच मालक तिकडून ओरडायचे, "बसली ना? मग आता त्यांना उठू द्या!" हा विनोद ते अकरा वर्षं करत होते आणि दर वेळी स्वतःच हसत होते.

आता धाकटीचं सांगायला हवं. धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. तिच्या डाव्या डोळ्यात फूल होतं. बुबुळाला इजा झाली की पांढरा डाग राहतो, त्याला फूल पडलं म्हणतात. ती सात वर्षांची असताना आणि ताई अकराची असताना दोघींचं एका पेन्सिलीवरून भांडण झालं आणि टोक लागलं. त्या डोळ्यानं तिला पुन्हा काही दिसलं नाही. आईवडील असेपर्यंत घरात हा विषय कुणी काढला नाही. बाहेरच्या कुणी विचारलंच तर धाकटी म्हणायची, "खेळताना लागलं." बावीस वर्षांत तिनं ताईला एका शब्दानं बोल लावला नव्हता, आणि ताईला तेच आतून खात होतं. एकदा तरी कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं.

धाकटी फोटोत नेहमी तिरकी उभी राहायची. बोलताना केस डाव्या गालावर ओढायची आणि समोरच्याची नजर चुकवायची. त्यात ताईचीही नजर आली. नोकरीसुद्धा तिनं फोनवर बोलण्याचीच धरली होती, कुणी तोंड बघायला नको म्हणून. आता त्याच कचेरीत तिला दर्शनी टेबलावर बसवायचं ठरलं होतं, सोमवारपासून. धाकटीनं चार दिवस विचार केला आणि नकार कळवायला निघाली.

"नाही म्हणू नकोस," ताई तिला म्हणाली. "मी देते तुला डोळा. कुणाला पत्ता लागणार नाही."

२

फूल झाकणारी लेन्स वेगळी असते. तिच्यात मधली जागा मोकळी सोडत नाहीत, काळी बाहुली रंगवूनच येते. ताईनं धाकटीच्या उजव्या डोळ्याचे फोटो खिडकीच्या उजेडात काढून लेन्स बनवणाऱ्या कारखान्यात पाठवले होते, आणि त्यावरून तीन नमुने करून आले होते. तिन्ही तिनं दिव्यासमोर धरून पाहिले. मधला ठिपका डांबरासारखा काळा, आरपार काही म्हणता काही दिसत नव्हतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक आरसा, एक बेसिन, एक खिडकी आणि एकच स्टूल. स्टुलावर धाकटी बसली.

पहिली लेन्स घातली. रंग बरोबर होता, पण डोळा उसना आणल्यासारखा वाटत होता. दुसरी गडद, शर्टाच्या बटणासारखी. धाकटीचा चेहरा उतरत चालला. "जाऊ दे गं ताई, माझ्या नशिबातच नाही," ती म्हणाली.

"नशीब गेलं खड्ड्यात. तिसरी राहिलीये अजून."

तिसरी घातली आणि ताई आणखी जवळ सरकली. उजव्या डोळ्याच्या कडेला जे अंधुक राखाडी वर्तुळ होतं ते इथेही होतं. नाकाकडच्या बाजूला जे दोन पिंगट ठिपके होते तेही होते. धाकटीनं पापण्या हलवल्या आणि दोन्ही डोळे सारखे चमकले. ताईला रडूच कोसळलं असतं, पण काम बाकी होतं. ती वाकली, टॉर्च धरला. उजव्या डोळ्यात एवढीशी ताई वाकलेली. डाव्या डोळ्यात एवढीशी ताई वाकलेली. सगळं मधोमध.

"बाहुली बसली," ती सवयीनं म्हणाली.

आणि डाव्या डोळ्यातली बसली.

म्हणजे अक्षरशः. उजव्या डोळ्यातली ताई वाकलेलीच होती, हातात टॉर्च घेऊन. डाव्या डोळ्यातल्या ताईनं टॉर्च खाली केला, पाठ ताठ केली आणि ती कशावर तरी टेकली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

ताईनं डावा हात हलवला. उजव्या डोळ्यात हात हलला. डाव्या डोळ्यात काही हललं नाही. आता, ताई काही पहिल्यांदा लेन्स बघत नव्हती. रंगाचा थर असला की प्रतिबिंब फसवं पडतं, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तेही आठवलं. मागचं स्टूल दिसत असेल, असंही तिनं स्वतःला बजावलं. पण खोलीत स्टूल एकच होतं आणि त्यावर धाकटी होती.

"काय झालं? वाईट दिसतंय का?" धाकटीनं घाबरून विचारलं.

"बघ की आरशात," ताई म्हणाली.

धाकटीनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग केस कानामागे सारले, जे तिनं सातव्या वर्षापासून केलं नव्हतं, आणि हमसून हमसून रडायला लागली. ताईनं तिला पोटाशी धरलं. डाव्या डोळ्याकडे मात्र तिनं परत बघितलं नाही.

३

सोमवारी सकाळी पावणेनऊला ताई दुकानाचा जिना चढत होती आणि तिचे गुडघे गेले. दुखलं नाही, चक्कर नाही. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून 'बस' म्हणावं तशी ती पायरीवर बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. मालकांनी वरून पाहिलं.

"काय ताई, आज जिन्यातच दुकान मांडलं?"

"येते, येते. दम लागला जरा."

दम लागलाच नव्हता. पाय आपले होते, बोटं हलत होती, पण उठायचं म्हटलं की शरीर ऐकत नव्हतं. दहा मिनिटांनी कठड्याला धरून ती कशीबशी उभी राहिली. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे वाकायचं काम तिनं खुर्चीवरून केलं. मंगळवारी तसंच, पावणेनऊला, या वेळी बसथांब्यावर. तिथे बाक नव्हता, ती फरशीवरच बसली. अर्धा तास लागला उठायला. बुधवारी दोन तास.

नवऱ्यानं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय टुणकन उडाला. "कुठे काही नाही. कॅल्शियम लिहून देतो," ते म्हणाले.

"जन्मभर उभ्यानं काम केलंय हिनं," नवरा म्हणाला. "आता बसायचं म्हणतेय तर बसू दे." त्यानं ते मायेनं म्हटलं होतं, पण ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

संध्याकाळचं आणखी वेगळं. साडेसहा वाजले की क्षणभर पाय एकदम हलके व्हायचे, वाटायचं सुटले बाई. आणि लगेच कानात कर्र असा आवाज यायचा, काहीतरी फिरवून घट्ट लावल्यासारखा. मग कान भरून यायचे. नवरा समोर बसून बोलायचा, त्याचं तोंड हललेलं दिसायचं आणि आवाज विहिरीच्या तळाशी ऐकावा तसा यायचा. दुसऱ्या दिवशी पावणेनऊपर्यंत तेच. चालता यायचं, पण पाण्यात चालल्यासारखं जड.

४

बुधवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. खुशीत होती. कधी नव्हे ती भडाभडा बोलत होती.

"ताई, आज एक बाई म्हणाल्या, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं. मी त्यांच्याकडे बघून बोलले गं. सरळ! आणि एक सांगू? हसशील. मला त्या डोळ्यानं दिसतं."

"कसं दिसेल? मधे काळा रंग आहे, वेडे. मीच पाहिलाय."

"सगळं नाही दिसत. तूच दिसतेस. काळोखी खोली आणि त्यात तू बसलेली. छान शांत बसलेली असतेस. दिवसभर सोबत वाटते." ती हसली. "डोळ्यात साठवून ठेवणं म्हणतात ते हेच बहुतेक. थांब हं, लेन्स काढते, फोन स्पीकरवर टाकते."

ताई दुपारी डॉक्टरांकडून आल्यापासून दुकानातल्या खुर्चीत होती. तिचे पाय हलके झाले. ती सहज उभी राहिली. मालकांनी तिकडून टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेवढ्यात फोनमधून कर्र असा आवाज आला, लेन्स औषधी पाण्यात बुडवून ठेवायच्या डबीचं झाकण फिरवल्याचा. तोच आवाज, त्याच क्षणी, तिच्या दोन्ही कानांत आला. आणि पाणी भरलं.

"उघड ती!" ताई ओरडली. "डबी उघड!"

"काय गं?" धाकटीचा आवाज खोलवरून आला. "नीट बोल ना. पाण्यातून बोलल्यासारखं येतंय."

त्या क्षणी ताईनं स्वतःशी वाद घालणं सोडलं. लेन्स डोळ्यात असेल तर ती बसलेली. लेन्स डबीत असेल तर ती पाण्यात. मधल्या पाचदहा सेकंदांत, धाकटीच्या बोटाच्या टोकावर, तेवढीच ती मोकळी.

५

गुरुवारी ती सकाळी आठलाच धाकटीच्या दारात उभी राहिली. तोपर्यंत लेन्स डबीत असणार आणि पाण्यातून का होईना, चालता येणार, असा हिशेब तिनं केला होता. रस्ताभर गाड्यांचे आवाज दबलेले. बेल दाबली तर बेलही ऐकू आली नाही.

धाकटीनं दार उघडलं. नवा कडक इस्त्रीचा कुर्ता, केस मागे बांधलेले. डावा डोळा अजून पांढरा. ती काहीतरी बोलली. ताईनं कानाकडे बोट दाखवलं आणि सरळ स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी गेली. तिथे, छोट्या आरशाखाली, डबी होती. तिनं हात पुढे केला, पण धाकटीनं आधीच ती उचलली, झाकण फिरवलं आणि लेन्स बोटाच्या टोकावर घेतली.

कान खाडकन मोकळे झाले. खालच्या मजल्यावरचा नळसुद्धा ऐकू आला.

"मला दे ती," ताई म्हणाली. वाटेत घोकलेलं ती एका दमात बोलून गेली. "त्यात दोष निघालाय. परत मागवल्यात सगळ्या. मी तुला दुसरी देते, डिट्टो अशीच."

"दुसरीत ती बसेल?"

"कोण?"

"ताई, तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. लहानपणापासून." धाकटी शांतपणे म्हणाली. "तूच बसवलंस ना तिला? म्हणालीस, बाहुली बसली. आणि ती बसली. मी तेव्हाच पाहिलं. मला वाटलं, तुला माहीत आहे. मुद्दाम केलंस माझ्यासाठी."

"मी बोलायची पद्धत म्हणून बोलले गं! रोज शंभरदा बोलते!"

बोटावरची लेन्स वाळत होती. तिच्या कडा किंचित आत वळल्या, आणि ताईला घशापासून पोटापर्यंत ओढ बसली. ओठ चरचरले.

"मला उठता येत नाही," ती म्हणाली. "तू ती घातलीस की मला जागचं हलता येत नाही. काढून ठेवलीस की मी बुडते. मी मरेन अशानं. मला सोड."

धाकटीनं ते ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर खरंच काळजी दिसत होती. मग तिनं बोट पुढे केलं.

"घे मग. फाडून टाक. तुझ्या जिवापेक्षा मोठी आहे का ती? मी नोकरीला नाही म्हणून कळवते."

ताईनं लेन्स आपल्या बोटावर घेतली. टिचभर, मऊ, जवळजवळ वजन नसलेली. अंगठ्यानं जरा दाबलं असतं तरी काम झालं असतं.

"फक्त लवकर कर," धाकटी म्हणाली आणि ओट्याला टेकून तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. "ती उठलीये."

६

"उठलीये म्हणजे?"

"लेन्स काढली की उठते ती. आधी उभीच असायची ना."

"आधी कधी?"

धाकटीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना. "या डोळ्यानं मी शेवटचं जे पाहिलं ते तूच होतीस, ताई. हात वर केलेली. मग डोळा गेला, पण तू तशीच राहिलीस. बावीस वर्षं. मी जेवतेय, झोपतेय, फोनवर बोलतेय, आणि तू डाव्या बाजूला उभी आहेस, हात वर करून. कुणाला सांगणार? तुला तर नाहीच. तू आधीच किती झुरत होतीस. सोमवारी पहिल्यांदा दिवसभर तू बसून होतीस. हात मांडीवर. मी पहिल्यांदा पोटभर जेवले."

एवढी वर्षं ताईला वाटत होतं की बहिणीनं माफ केलंय. किंवा विसरलीये. माफ करायला आणि विसरायला तिला उसंत तरी मिळाली होती का?

"हात काढ," ती म्हणाली. "बघू दे मला."

धाकटीनं तळहात बाजूला केला. ताई जवळ वाकली. पांढऱ्या डागात प्रतिबिंब नीट पडत नाही, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. तिथे ढगाळ असं काहीतरी दिसायला हवं होतं. दिसलं ते एका लहान मुलीएवढं होतं आणि अगदी जवळ होतं. त्याचा हात वर होता. चेहरा दिसायच्या आत ताईनं मान वळवली.

आणि तेव्हा तिला दिसलं की तिचाही हात वर आहे. लेन्स असलेलं बोट धाकटीच्या डोळ्यासमोर रोखलेलं. धाकटीनं पापणी पाडली नव्हती, पण तिचे दोन्ही हात ओट्याची कड घट्ट धरून होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. सात वर्षांची असताना ती अश्शीच उभी राहिली असेल.

पळून जाता आलं असतं. लेन्स चिरडून, जिना उतरून, थेट घरी. ताईला आपला नवरा आठवला, दुकान आठवलं, मालकांचा तो शिळा विनोदही आठवला. जीव कुणाला प्यारा नसतो?

"डोळा मोठा कर," ताई म्हणाली. तिचा आवाज दुकानातला झाला होता. "वर बघ. पापणी मी धरते. घाबरू नकोस, दुखणार नाही."

तिनं लेन्सवर डबीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडले आणि अकरा वर्षांच्या सराईत बोटानं ती जागेवर ठेवली. धाकटीचा श्वास सुटला. ओट्यावरचे हात सैल झाले. ताईला 'बाहुली बसली' असं म्हणावंही लागलं नाही. सिंकशेजारच्या खुर्चीवर ती टेकली, पाठ ताठ झाली आणि हात आपोआप मांडीवर आले.

७

धाकटीनं तिच्या हाताशी पाण्याचं भांडं ठेवलं, खिडकीचा पडदा ओढला, तिच्या केसांवरून हात फिरवला. "लवकर येते हं," ती म्हणाली. "आणि आता डबीत नाही ठेवायची ती. झोपतानाही नाही. तुला पाण्याचा त्रास होतो ना." ती ताईकडे सरळ बघत होती, दोन्ही डोळ्यांनी, प्रेमानं. मग दार लागलं. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज झाला, आणि ती खाली कुणाला तरी हसून "चला, येते" म्हणाली.

पायाशी पर्समध्ये फोन वाजत राहिला. नवऱ्याचा असणार. ताईनं वाकायचा प्रयत्न केला. बोटं हलली, कंबर हलली नाही. भांड्यापर्यंतही हात गेला नाही. थोड्या वेळानं फोन थांबला. नळाचा आवाज थांबला. पडदा, शेगडी, आरसा, एकेक करून कडेनं काळं होत गेलं, आणि उरली एक खोली. तिला भिंती असाव्यात, कारण श्वास घेतला की तो कुठेतरी आपटून परत येत होता.

मग समोर उजेडाचं एक गोल भोक पडलं. ओल्या काचेतून दिसावं तसं. आधी छत, एक पंखा, टेबलाची कड. मग एक चेहरा आला. कुणी म्हातारा गृहस्थ, दाढीचे खुंट वाढलेले. भिंतीएवढा मोठा झाला, वाकला आणि नेमका तिच्या डोळ्यांत बघून प्रसन्न हसला.

"सही कुठे करू, बाई?" त्यानं विचारलं.

"इथे!" ताई जिवाच्या आकांतानं ओरडली. "अहो, इथे! मी इथे आहे!"

"इथे," धाकटीचा गोड आवाज चारही भिंतींमधून आला, आणि तो गृहस्थ मान खाली घालून कागदाकडे बघू लागला.